गाडीखाली तेलाचा डाग: गळती शोधायची कुठून

सकाळी खळ्यातून मोटरसायकल काढली की खाली रुपयाएवढा काळा डाग. डाव्या पायाच्या चपलेला तेल. चेनच्या पुढच्या कव्हरखाली लोण्यासारखा काळा चिखल. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तेलाचं कडं, आणि त्यात माती अडकलेली. गाडी उभी केल्यावर पेट्रोलचा वास. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जातो. इंजिन ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधाच्या चहासारखा रंग. यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढचं उपयोगी पडेल.

माझं गुहागर तालुक्यात रस्त्याकडेला छोटं गॅरेज आहे. अठरा पावसाळे झाले. या अठरा वर्षांत एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावतानाच मला कळतं: "काका, खालचा नट घट्ट केला, तरी गळतंय." बिचाऱ्या नटाचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. तेल वर कुठेतरी सुटतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, गाडी चालत असली की वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. ते टोक म्हणजे हा नट. थेंब पडतो ती जागा शेवटची असते. आपल्याला पहिली शोधायची आहे.

मुळात गळती आहे का?

हा तपास फुकटचा, म्हणून सगळ्यात आधी. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या बारीक भोकातून पाणी टपकतं, ती वाफ थंड होऊन झालेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत ते होणारच. मागच्या रिमवर, चेनच्या बाजूला काळे शिंतोडे दिसले तर ते बहुधा चेनला लावलेलं वंगण उडालेलं असतं. बोटात घेऊन ताणलं की त्याची तार निघते. इंजिन ऑइल नुसतं निसटतं, तार धरत नाही.

तिसरा प्रकार एप्रिल-मे महिन्यातला. चिपळूणला टाकी तोंडापर्यंत भरायची, आणि धोपाव्याला फेरीबोटीची वाट बघत गाडी उन्हात साइड स्टँडवर लावायची. पेट्रोल तापून फुगतं, झाकणाशी येतं आणि तिथल्या निचऱ्याच्या नळीतून खाली टपकतं. बिघाड काही नाही, टाकी थोडी रिकामी ठेवा. पण ती नळी मातीने बुजली असेल तर उलटा त्रास होतो: पावसाचं पाणी झाकणाभोवती साचून टाकीत उतरतं. नळीतून एक बारीक तार फिरवून घ्या.

पुठ्ठा

जांभ्याची जमीन तेल पिऊन टाकते. शेणाने सारवलेलं खळंही तेच करतं. त्यामुळे "कालपर्यंत काही नव्हतं, आज अचानक" असं जे वाटतं ते बऱ्याचदा खरं नसतं, महिनाभर जमीन तेल पीत असते. हापूसच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून रात्री गाडीखाली सरकवा. त्यावर पुढच्या चाकाच्या दिशेने बाण काढा आणि तारीख लिहा. गाडी डबल स्टँडवर ठेवा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि उजवीकडची गळतीही डावीकडून टपकते, मग तुम्ही चुकीच्या बाजूला शोधत बसता.

सकाळी डाग कुठे पडलाय, किती पडलाय ते बघा. मी गळतीच्या तीन पायऱ्या धरतो. पाझर म्हणजे अंग ओलसर, पण पुठ्ठा कोरडा. थेंब म्हणजे पुठ्ठ्यावर डाग. धार म्हणजे डोळ्यांदेखत पडतंय. इंजिन ऑइलचा पाझर असेल तर लक्ष ठेवून महिनोन् महिने चालवता येतं. थेंब असेल तर या आठवड्यात काम करा. धार असेल तर गाडी टेम्पोत घाला.

काय गळतंय?

डागाला बोट लावा, वास घ्या. चव घेऊ नका, घेणारे भेटलेत म्हणून सांगतो. तपकिरी-काळं, जड, जळकट वासाचं ते इंजिन ऑइल. पातळ, माशासारखा उग्र वास येणारं आणि पुढच्या चाकाजवळ सापडणारं ते शॉकअपचं तेल. वास येतोय पण पुठ्ठ्यावर नुसती कडा उरली आहे, तर ते पेट्रोल. ते उडून गेलं. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेही गाडीला रेडिएटर असेल तरच. फिकट पिवळं, बुळबुळीत, हँडलजवळ किंवा चाकाच्या कॅलिपरशी (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाशी) दिसणारं ते ब्रेकचं तेल असू शकतं.

शंका असेल तर वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. इंजिन ऑइल तरंगतं. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून नाहीसं होतं. ही परीक्षा मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, कारण ब्रेकची गळती आणि इंजिनची गळती यांतला फरक म्हणजे गाडी चालवायची की नाही हा फरक.

धुवा, सुकवा, पावडर मारा

चिखलाने माखलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे भाताच्या मळ्यात सुई शोधणं. गाडी पूर्ण थंड असताना ब्रशने डिझेल लावा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. प्रेशर पंपाची धार ऑइल सीलवर (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर) आणि वायरिंगच्या जोडांवर सरळ मारू नका, पाणी आत घुसतं. पुसून कोरडी करा आणि इंजिनाच्या संशयित अंगावर टाल्कम पावडर फुंकरीने पसरवा. पाच-सात किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन खाली बसा. पांढऱ्यावर ओली रेघ स्पष्ट उठते. त्या रेघेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक, ते तुमचं उगमस्थान.

पावडर संपली म्हणून एका गिऱ्हाइकाने तांदळाचं पीठ मारलं होतं. सकाळी इंजिनावर मुंग्यांची रांग. रेघ मिळाली, पण ती गळतीची नव्हती.

तेलाची पातळी आणि ब्रीदर

पाना हातात घेण्याआधी हे दोन बघायचेच. तेल जास्त भरलेलं असेल तर गाडी ते बाहेर टाकणारच, सील कितीही चांगलं असो. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा, गाडी सरळ उभी करून पातळी बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिपस्टिक नुसती टेकवायची असते, आट्यांवर फिरवायची नसते. तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते पाहा. साइड स्टँडवर पातळी बघून "कमी आहे" म्हणत वर ओतलेलं तेल मी कितीतरी गाड्यांतून परत काढलंय.

ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. पिस्टन खाली येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते आणि या नळीतून बाहेर पडते. नळी तुंबली की तो दाब सगळ्यात कमजोर सील शोधतो. तिथून तेल येतं, तुम्ही ते सील बदलता, मग दुसरं गळायला लागतं. "काका, एक केलं की दुसरं निघतं" असं कोणी म्हणालं की मी आधी नळी बघतो.

आपल्याकडे हिचा एक खास शत्रू आहे: कुंभारीण. मातीचं घर बांधणारी ती माशी. गणपतीला गावी आलेला चाकरमानी गाडी पडवीत लावून मुंबईला जातो आणि शिमग्याला परत येतो. तेवढ्यात हिने मोकळ्या नळीच्या तोंडात मातीचा पक्का बूच बसवलेला असतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गाडीचं डावीकडचं पॅकिंग दुसरीकडे दोनदा बदलून झालं होतं. मी नळी काढून कापली, आतून माती निघाली आणि तिच्यात वाळलेल्या कोळ्यांचे पाय. नवीन नळी घातली, तेच पॅकिंग अजून टिकून आहे. नव्या गाड्यांत ही नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. तिथे निचऱ्याचं छोटं बूच असतं, पावसाळ्यात ते काढून साचलेलं दुधी पाणी सोडून द्यायचं.

खालचा नट आणि सोपी पॅकिंगं

आता नटाकडे. पावडरीची रेघ खरोखर तिथूनच सुरू होत असेल तर दोष बहुधा त्याच्या वायसरचा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा चेपला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून तेल बदलताना दर वेळी नवा टाकायचा. पाच-दहा रुपयांची गोष्ट. ती वाचवायला लोक पान्याला पाईप लावून नट ओढतात. नट पोलादाचा, इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा. कोणाचे आटे जाणार हे सांगायला नको. नट घट्ट होत होत अचानक सैल फिरू लागला तर तिथेच थांबा. आटे गेलेत, नवे आटे बसवून घ्यायला जाणकाराकडे जा. टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, तिचे तुकडे तेलाच्या वाटेत जातात.

टॅपेटच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या) झाकणांच्या आणि फिल्टरच्या झाकणाच्या ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, घरीही बदलता येतात. जुनी रिंग नखाने दाबली आणि खळगा तसाच राहिला तर ती मेलेली आहे. कव्हरचे बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. आणि सिलिकॉनची नळी हात राखून वापरा. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. ते सुटून तेलाच्या जाळीवर बसलं की वरच्या भागाला तेल पोचत नाही.

पुढच्या स्पॉकेटची बाजू

माझ्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी गळती ही. पुढचं स्पॉकेट म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक. त्याच्या कव्हरमागे गिअरबॉक्सचा दांडा बाहेर येतो, त्याला ऑइल सील असतं. शेजारीच गिअरच्या पायपट्टीच्या दांड्याचं सील, काही गाड्यांत न्यूट्रलच्या स्विचचंही. तिन्ही चेनच्या चिखलाने झाकलेली. थेंब मात्र पडतो खालच्या नटाच्या जवळपास. म्हणून नटाचा बळी जातो.

कव्हरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि लाकडाच्या चिपेने चिखल खरवडा. लाल माती आणि चेनचं वंगण मिळून जे होतं ते जवळजवळ डांबरच. खाली स्वच्छ धातू दिसला की पुसा, इंजिन चालू करा आणि हात लांब ठेवून टॉर्चने नुसतं बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. दांड्याभोवती ओलं कडं उठतं की गिअरच्या दांड्याशी, ते एक-दोन मिनिटांत कळतं.

एक मासेविक्रेते आहेत, रोज पहाटे जेटीवर जातात. तीन महिन्यांत दोन सीलं गेली. दोन्ही वेळा नवं सील, दोन्ही वेळा तीच तक्रार. तिसऱ्यांदा मी स्पॉकेट पूर्ण बाहेर काढलं. मागे दांड्याला केसासारखं काहीतरी चमकलं. चिमट्याने ओढायला लागलो तर हातभर लांब निघालं, मग अजून हातभर: जाळ्याचं नायलॉन. जेटीवर पडलेले तुकडे चेनबरोबर वर येतात, स्पॉकेटमागे गुंडाळले जातात आणि फिरता फिरता सीलचा ओठ कापतात. मी आधी दोनदा सील बदललं आणि दोनदा ते न बघता कव्हर लावलं, ही माझी चूक. तेव्हापासून किनाऱ्यावरची गाडी आली की स्पॉकेट काढल्याशिवाय सीलला हात लावत नाही.

चेन फार ताणलेली असली तरी हेच सील जातं, कारण दांडा सतत मागे ओढला जातो. छोट्या गाड्यांत चेन साधारण २० ते ३० मिमी वरखाली हलली पाहिजे. स्पॉकेट धरून दांडा वरखाली हलवून बघा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजलंय आणि नवं सील थोडेच दिवस टिकेल. इथे घरचं काम संपलं. काही गाड्यांत हे सील बाहेरून निघतं, काहींत इंजिन उघडावं लागतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना दांड्यावर ओरखडा उठला तर दांडाच बदलायची वेळ येते.

पुढचा शॉकअप

खारं वारं दांड्याच्या क्रोमला खातं. वेळणेश्वरला वाळूत गाडी फिरवून फोटो काढायचे आणि घरी येऊन तशीच लावायची, मग दोन पावसाळ्यांत दांड्यावर गंजाचे ठिपके येतात आणि तेच सीलला कानशीसारखे घासतात. गोड्या पाण्याने धुण्याला पर्याय नाही.

दांडे पुसा, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा वेळा दाबा. नुसती तुकतुकी आली तर ठीक. ओलं कडं आलं तर सील सोडतंय. पण सील बदलायच्या आधी एक फुकटचा उपाय: कधी कधी ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. वरचं धुळीचं रबर हलकेच उचला, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापून आतल्या सीलच्या ओठाखाली सरकवा आणि गोल फिरवून काढा. तीन-चार वेळा केलं की काळी घाण बाहेर येते. मी पाहिलेल्या बऱ्याच गळत्या एवढ्याने थांबल्यात.

नख दांड्यावरून फिरवा. नख अडलं तर नवं सील तिथे टिकणार नाही, आधी दांड्याचं काम. सील बदलताना दोन्ही बाजूंचं तेल मोजून सारखं भरावं लागतं आणि आत दाबलेली स्प्रिंग असते, त्यामुळे शॉकअप घरी उघडू नका. तेल पुढच्या डिस्कवर उतरलं असेल तर गाडी लगेच थांबवा. पॅडने तेल प्यायलं की ते धुऊन भागत नाही, बदलावेच लागतात.

पेट्रोल

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला तेव्हापासूनच्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या. त्यातल्या पेट्रोलच्या नळीत साधारण ३ बार दाब असतो. तिथे ओल दिसली तर किल्ली बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा, क्लिप सोडून बघू नका.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र एक सोपी परीक्षा आहे. ओव्हरफ्लोच्या नळीतून टपकत असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. थोड्या वेळात टपकणं थांबलं तर फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई, अडकली आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, नाही सुटली तर वाटीचा खालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. इंजिन थंड, आसपास बिडीसुद्धा नको. बाटलीत खाली वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, ते पाणी ओढतं, आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. महिनोन् महिने पडवीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टाक्या तिथूनच गंजतात.

कॉक बंद करूनही टपकतंय? मग कॉक किंवा टाकी. टाकीच्या तळाला गंजाचं भोक असेल तर एम-सील हा जेमतेम घरी पोचण्यापुरता उपाय. "रिकामीच आहे, टाका एक टाका" असं वेल्डरला सांगू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. आणि सुई अडकून गाडी रात्रभर उभी असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, पातळी वाढलेली दिसली, तर ते तेल बदलल्याशिवाय सुरू करू नका.

ब्रेक, कूलंट, दुधी तेल

ब्रेकच्या डबीतली पातळी उतरली म्हणजे गळतंच असं नाही, पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. आधी पॅड बघा. पण लिव्हर मऊ झालाय किंवा कॅलिपरशी ओल आहे, तर गाडी चालवायची नाही, कुंभार्ली घाटात तर नाहीच. त्या डबीत इंजिन ऑइल घालू नका, आतली रबरं फुगतात. कूलंट पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून येत असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक बुजवायला नाही, तुम्हाला सांगायला ठेवलेलं असतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या तेलाच्या झाकणाखाली थोडी दुधी साय जमते. एकदा लांब चक्कर मारली की जाते. पण काचेतलं सगळंच तेल दुधी झालं तर आत पाणी आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, त्यानंतर कितीतरी दिवस टेम्पोतून अशाच गाड्या येत होत्या. ज्यांनी घरी सेल्फ मारून पाहिला होता त्यांचं काम जास्त निघालं. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी ढकलत आणा.

हेड आणि सिलिंडरच्या जोडातून तेल येत असेल, दांड्यात खडखड असेल, आटे गेले असतील, ब्रेकची किंवा इंजेक्शनची ओल असेल, मागच्या टायरवर तेल उतरलं असेल, तर हे सगळं वाचून घरी करण्यासारखं नाही. माझ्याकडे या किंवा जवळच्या कोणाकडेही जा. येताना गाडी धुऊन आणू नका, धुतली तर मला परत पाच-सात किलोमीटर फिरवावी लागते. पुठ्ठा मात्र घेऊन या, बाण काढलेला.